नवमीचं पान आणि मोकळी कुत्री

पिपरी मेघेच्या आमच्या लेआउटमध्ये एक मोकळी जागा आहे. नकाशात तिचं नाव बगीचा. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा विकणाऱ्याने बोट दाखवून सांगितलं होतं, इथे कारंजं होईल, झोपाळे होतील. झालं काही नाही. मग काही वर्षांपूर्वी लोकांनी तिला जाळीचं कुंपण मारलं, लोखंडी फाटक बसवलं आणि सकाळ-संध्याकाळ आपापली कुत्री आत नेऊन मोकळी सोडायला लागले. आता तिला डॉग पार्क म्हणतात. मी हागणदारी म्हणतो. हागणदारीमुक्त गावाची पाटी रस्त्यावर आहे, पण ती माणसांपुरती असावी.

मला घाणीची किळस नाही. लहानपणी गोठा काढला, पुढे जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलल्या, नाकातोंडात फुफाटा घेऊन घरी यायचो. शेणात हात घातला तर हात धुता येतो. इथली किळस वेगळी आहे. पांढरे बूट घातलेला शिकलेला माणूस कुत्र्याला घेऊन येतो, कुत्रं बसलं की आभाळाकडे पाहतो, जणू वरून विमान चाललंय. कुत्रं उठलं की पुढे चालायला लागतो. मागून दुसरा येतो आणि त्यात पाय देतो, मग तोंडाने शिव्या देतो त्या गावठी कुत्र्यांना, जी कुंपणाच्या बाहेर आहेत.

तरी मी रोज सकाळी तिथे जात होतो. कारण कुत्रा मला ओढत नेत होता.

कुत्रा तिचा. माझ्या घरधनिणीचा. तिला जाऊन दीड वर्षाच्या वर झालं. पिल्लू तिने माहेराहून आणलं होतं, आर्वीकडून, एसटीत, कापडी पिशवीत घालून. कंडक्टरने विचारलं, "मावशी, पिशवीत काय हाय?" ती म्हणाली, "वांगे हायेत." कंडक्टर म्हणाला, "कुंई कुंई करनारे वांगे पह्यल्यांदाच पाहून राह्यलो." सगळी गाडी हसली. ही गोष्ट ती आल्यागेल्याला सांगायची आणि दर वेळी कंडक्टरचा आवाज काढायची.

पिल्लाची आई शेतावरची साधी कुत्री. बाप कोण, ते त्या आईलाच माहीत. पिल्लू वाढलं तसं त्याचं डोकं रुंद झालं, छाती भरली, जबडा असा चौकोनी की अनोळखी माणूस दोन पावलं मागे सरकायचा. तिने जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडून त्यांची वेणी घातली होती, तोच त्याचा दोर. तव्यावरची पहिली भाकर त्याची. मी म्हणायचो, "आधी घरच्या मानसाले दे ना." ती म्हणायची, "तुमी भूक लागली त बोलता. त्याले बोलता येते का?"

तिने त्याला नाव ठेवलं होतं. ते तिच्याच तोंडी बरं वाटायचं. मी त्याला नुसतं 'चाल' म्हणतो.

ती रोज पहाटे त्याला त्या मैदानात न्यायची. ती गेल्यावरही तो त्याच वेळेला घराच्या फाटकाशी उभा राहायचा. मी दोर धरायचो, तो ओढायचा. आत गेला की सिमेंटच्या एकेका बाकापाशी जाऊन वास घ्यायचा, ती बसायची त्या बाकापाशी जास्त वेळ. मग माझ्याकडे पाहायचा. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. मुक्या जनावराला काय सांगणार, आणि सांगायला माझं तोंड तरी कुठे उघडत होतं.

ती होती तेव्हा लोक त्याला भ्यायचे नाहीत, कारण ती सगळ्यांशी बोलायची. मी बोलत नाही. त्यात कोणाच्या तरी मोबाइलवर एक व्हिडिओ आला. कुठल्या तरी शहरात एका कुत्र्याने बाईला फाडलं. व्हिडिओ लेआउटभर फिरला. दुसऱ्या दिवशी मी मैदानात गेलो तर माणसं माझ्याकडे नाही, दोराच्या टोकाकडे पाहत होती.

आमच्या लेआउटच्या समितीचे अध्यक्ष एका शाळेचे हेडमास्तर आहेत. त्यांच्याकडे पिवळा लॅब्राडोर, खाऊन खाऊन धान्याच्या ढोलीसारखा झालेला. ते म्हणतात, लॅब्राडोर म्हणजे गाय. त्या गाईने आल्यागेल्याच्या छातीवर पाय ठेवले की हेडमास्तर लांबूनच ओरडतात, "खेळतोय तो, खेळतोय!" माझ्या कुत्र्याने नुसतं नाक फुरफुरलं की तो हल्ला.

त्यांनी मला बाकापाशी गाठलं. हातात मोबाइल, मागे चार-पाच माणसं.

"काकाजी, हा कोणत्या जातीचा आहे?"

"कुत्र्याच्या."

मागचे हसले. हेडमास्तर हसले नाहीत.

"मी गंमत नाही करून राह्यलो. डोकं पाहा याचं. हा पिटबुल क्रॉस आहे. यांनी एकदा धरलं की जबड्याला कुलूप लागतं. सोडतच नाही."

"सर, त्यानं आजलोक माह्या चपलीशिवाय काई धरलं नाई. अन् तेबी दटावलं की सोडून देते."

"चपलेचं वेगळं. उद्या लेकरू धरलं तर? समितीनं ठरवलंय, तुमचा कुत्रा इथं बांधूनच राहील. अन् एक जरी तक्रार आली, तर आम्ही गाडी बोलावू. मग मला दोष देऊ नका."

गाडी म्हणजे पिंजऱ्याची गाडी. कुत्री नेते. कुठे नेते ते कोणी सांगत नाही, आणि नेलेलं कुत्रं परत आलेलं मी पाहिलं नाही.

असं झालं. सगळी मोकळी, हा एकटा बांधलेला. मोकळी त्याच्याभोवती नाचायची, तोंडाशी येऊन भुंकायची, एका पोमेरेनियनने त्याच्या मागच्या पायावर मुतून दाखवलं. हा माझ्याकडे पाहायचा. मालक लोक म्हणायचे, "पाहा, कसा डोळे वटारून राह्यला."

माझ्या घराच्या मागे भिंतीला भिंत लागून एका कारकुनाचं घर आहे. तो हेडमास्तरांच्याच शाळेत कामाला. त्याची बायको लग्न होऊन आली तेव्हापासून आमच्या हिच्या हाताखाली शिकली, अंबाडीची भाजी असो की पोराची मालिश. हिला काकू म्हणायची. ही आजारी होती तेव्हा भिंतीवरून वरणाची वाटी द्यायची. तीच बाई आता मैदानात आम्ही दिसलो की पदर आवरून दुसऱ्या कडेने जायची.

"काकाजी, घट्ट धरा हो त्याले."

मी म्हटलं, "बाई, याले तू बाटलीनं दूध पाजलं हाय."

ती म्हणाली, "तवा मले माहीत नोतं ना, तो काय हाय ते."

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, बरं झालं ही गेली. हे ऐकायला नाही राहिली.

मग पित्तर लागले. पितृपक्षातली नवमी ही नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची. तिचं वर्ष सरलेलं होतं, म्हणून यंदा तिला पहिल्यांदा जेवू घालायचं होतं. लेकरं बाहेरगावी. एकाने फोनवर सांगितलं, बाबा, वर्ध्याच्या मंदिरात सांगून द्या, ते करतात सगळं. मी म्हटलं, जेवायला ती माझ्या घरी येईल, मंदिरात काऊन जाईल? उडदाचे वडे मीच तळले. अर्धे तेलात फुटले. खीर केली, कढी केली, ती जरा फाटली. ती असती तर म्हणाली असती, ही कढी पित्तरालेच चालन, जितं मानूस नाई खात.

आमच्याकडे असं आहे, पान आधी कावळ्याने शिवायचं, मग घरच्यांनी जेवायचं. पण आता घरोघरी स्लॅब, वर टाकी, पत्र्याचं शेड. कावळा येत नाही. मैदानाच्या कडेला मोठा कडुलिंब आहे, त्यावर कावळे बसतात. म्हणून सगळ्या लेआउटने पानं तिथेच ठेवायला सुरुवात केली. आणि कावळा शिवेपर्यंत घरात कोणी खायचं नाही, तर कुत्र्यानेही नाही. पित्तराच्या आधी कुत्र्याने तोंड लावलं तर विटाळ, असं म्हणून शिकल्यासवरल्या लोकांनीही आपली कुत्री सकाळपासून उपाशी ठेवलेली. उपाशी कुत्री घरात गोंधळ घालतात, म्हणून दुपारी पानं घेऊन येताना ती सोबत आणली आणि नेहमीसारखी मैदानात मोकळी सोडली.

मी माझ्याला सकाळीच भाकर घातली होती. तिचीच सवय, माझ्या हाताला लागलेली. कारकुनाच्या बायकोने भिंतीवरून पाहिलं होतं आणि म्हणाली होती, "काय काकाजी, काकू उपाशी अन् कुत्रं जेवलं?"

लिंबाखाली दहा-बारा पानं मांडलेली. ऊन असं की खिरीवर साय धरत होती. लोक हात जोडून काव काव करत उभे. कावळे वर बसून खाली पाहत होते. माझ्या कुत्र्याचा दोर मनगटाला दोन वेढे देऊन मी तिचं पान ठेवायला वाकलो, तेवढ्यात लॅब्राडोर आला.

तो सरळ पानांवरच पडला. त्याच्या मागे बाकीची. मग जे झालं ते पाहवत नव्हतं. कढी, खीर, भात, माती, आणि त्यात एकमेकांच्या मानेला लागलेली कुत्री. आपल्या आई-आजीच्या पानातून कुत्र्याला शेपटीने ओढणारी माणसं. तिचं पान माझ्या पायाशी पालथं झालं, कढी चपलेत शिरली. कारकुनाची बायको सासूचं पान वाचवायला वाकली. तिने पानावर हात आडवा धरला आणि लॅब्राडोरने तो हात धरला. मी हातभर अंतरावरून पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या ओठाला खीर लागलेली होती.

ती किंचाळली. हेडमास्तर धावत आले, आपल्या कुत्र्याचा पट्टा धरून त्याला मागे ओढलं आणि मग मोठ्याने म्हणाले, "काकाजी! तुमचा कुत्रा!"

"सर, दोर माह्या मनगटाले हाय. पाहा."

"आता आहे. तेव्हा सुटला होता."

"वेढे देऊन हाय, सर."

सगळे तिच्याकडे पाहायला लागले. तिच्या हातातून रक्त कोपरापर्यंत आलेलं. तिने हाताकडे पाहिलं, हेडमास्तरांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवरा चपलेने माती उकरत होता.

"गर्दीत समजलं नाई," ती म्हणाली. "तिकडूनच आलं काईतरी." आणि हनुवटीने आमच्याकडे दाखवलं.

माझा कुत्रा पालथ्या पानाशेजारी बसलेला होता. त्याने एक वडासुद्धा उचलला नव्हता.

सरकारी दवाखान्यात तिला इंजेक्शनं लागली. डॉक्टरने सांगितलं, ज्याने चावलं त्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवा. खातो का, पाणी पितो का, सुस्त पडतो का. काही वेगळं दिसलं तर लगेच या. हेडमास्तरांनी गाडीला फोन केला होता, तिकडूनही तेच सांगितलं, दहा दिवस कुत्रं जागचं हलवू नका. मग हेडमास्तरांनी माझ्या फाटकाशी येऊन निकाल दिला. "दहा दिवस बांधून ठेवा. त्यानंतर गाडी येईल."

मी त्याला अंगणातल्या सीताफळाला बांधलं. फाशीच्या माणसाला चांगलं खाऊ घालतात म्हणे. मीही घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीशी आली. हाताला पांढरी पट्टी.

"खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं."

तिने माझ्या कुत्र्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. उगाच वाळत घातलेले कपडे उलटेपालटे करत राहिली. मग म्हणाली, "काकाजी, सराचा कुत्रा दिसला का हो तुमाले आज?"

"काऊन?"

"असंच. फिरून राह्यला का? भुंकला का?"

कोणी चावलं ते तिला माहीत होतं, हे मला समजलं. मला समजलं, हे तिलाही समजलं. तोंडाला पदर लावून ती तिथेच उभी राहिली.

"जाय ना सराच्या घरी. पाहून ये," मी म्हटलं.

"काय सांगून जाऊ? तिथं यांची नोकरी हाय, काकाजी."

"अन् इथं याच्यासाठी गाडी हाय."

ती घरात गेली. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. तोंडात खवट खोबरं चावल्यासारखी चव आली आणि दिवसभर गेली नाही.

मग सर्वपित्री अमावस्या आली. ज्यांचं पान हुकलं, ज्यांची तिथी माहीत नाही, त्या सगळ्यांची ती. नवमीला सगळ्यांचीच पानं मातीत गेली होती, म्हणून सगळा लेआउट पुन्हा लिंबाखाली. या वेळी कुत्री घरी ठेवलेली. मीही तिचं पान घेऊन गेलो. माझ्याभोवती जागा मोकळी सोडून लोक उभे राहिले. कुत्रा सोबत नव्हता तरी.

हेडमास्तर पान घेऊन आले. कारकुनाची बायको त्यांच्याकडे पाहत होती, त्यांच्या फाटकाकडे पाहत होती.

"सर, कुत्रा दिसला नाई दोन दिवस," ती म्हणाली.

"शेतावर पाठवला, देवळीकडं. जरा हवापालट."

"काऊन? खात नोता का?"

"खायचं थोडं कमी केलं होतं. सुस्त पडला होता. नवमीचं जास्त झालं असेल."

तिच्या हातातलं पान खाली पडलं.

"सुस्त?" ती म्हणाली. "सुस्त पडला होता अन् तुमी त्याले धाडून देलं? मले कोन सांगनार मंग?"

नवरा पुढे आला. "अवं, गप राय."

"गप राहू अन् मरू का मी? मले त्यानंच चावलं! त्या पिवळ्यानं! हा हात त्याच्याच तोंडात होता!"

जमलेली माणसं हेडमास्तरांकडे वळली.

हेडमास्तर म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी तर तुम्हीच म्हणालात..."

"मी काई म्हनलं नोतं. तुमी म्हनलं. मी गप राह्यली."

मग एकच धांदल. कोणी देवळीला फोन लावतोय, कोणी डॉक्टरला, कोणी तिला पाणी देतोय. हेडमास्तर म्हणत होते, लॅब्राडोर आहे तो, लसी झाल्यात त्याच्या. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. ज्यांनी सहा दिवस माझ्या फाटकावरून जाताना रस्ता बदलला होता, त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही की या म्हाताऱ्याला दोन शब्द बोलावे. मी पान उचललं आणि घरी आलो.

सीताफळाखाली पान ठेवलं. आधी कावळा, हा नियम. मी कावळ्याची वाट पाहिली नाही. पहिला वडा तिच्या कुत्र्यासमोर ठेवला. त्याने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि खाल्ला. कढी या वेळी फाटली नव्हती.

लॅब्राडोरला संध्याकाळी जीपमधून आणलं. काही झालं नव्हतं त्याला. पोट बिघडलं होतं, एवढंच. उतरल्या उतरल्या तो सगळ्यांच्या छातीवर पाय ठेवायला लागला. ती आपल्या दारातून त्याचं शेपूट हलताना पाहून रडत बसली. दहा दिवस नीट गेले. गाडी आली नाही. समितीने मैदानाच्या फाटकावर पाटी लावली, 'हिंस्र जातीचे कुत्रे आणण्यास मनाई'. हेडमास्तर रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "काकाजी, गैरसमज झाला. पण कसं आहे, त्याचं डोकं पाहिलं की कोणालाही भीती वाटतेच ना." मी त्यांच्या बुटांकडे पाहिलं आणि पुढे गेलो.

कारकुनाची बायको भिंतीशी खिरीची वाटी घेऊन आली.

"काकाजी, मी खरं बोलली ना शेवटी."

"बोलली. जीव तुहा होता म्हनून."

ती वाटी धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मंग? मानूस कोनाच्या जिवासाठी बोलते?"

वाटी मी घेतली नाही. ती भिंतीवर ठेवून गेली, दुपारपर्यंत तिला मुंग्या लागल्या.

आता आम्ही मैदानात जात नाही. पाटी नसती तरी गेलो नसतो. पण पाटी लागल्यावर पहिल्या दिवशी तो त्याच वेळेला उठला, त्याच वाटेने ओढत निघाला आणि बंद फाटकाशी जाऊन बसला. आत पांढऱ्या बुटांची माणसं आभाळाकडे पाहत उभी होती. तो जाळीतून त्या बाकाकडे पाहत राहिला. खूप वेळ.

मी गुडघ्याला हात देऊन त्याच्याशेजारी खाली बसलो.

"नाई हाय ती इथं," मी म्हटलं. "मेली ती. इथं नुसती हागनदारी हाय. चाल."

त्याने फाटकाकडे आणखी एकदा पाहिलं. मग उठला. त्या दिवशी पहिल्यांदा दोर ढिला होता.